लघवीतून रक्त: युरॉलॉजिस्ट की नेफ्रॉलॉजिस्ट?

सावली: बाबा ६४ वर्षांचे. परवा लघवी एकदम लाल झाली. दुखणं नाही, जळजळ नाही, ताप नाही. दुसऱ्या दिवशी आपोआप साफ. रिपोर्टमध्ये आरबीसी (लाल रक्तपेशी) २०-२५, पस सेल्स (पू-पेशी) १-२, प्रोटीन निल. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तिच्यामुळे असेल का? बाबा म्हणतात, थांबलंय तर कशाला डॉक्टर! दाखवायचंच तर कोणाला?

पाणवठा: युरॉलॉजिस्टना (मूत्रमार्गाचे सर्जन), आणि लगेच. न दुखता आलेलं रक्त जास्त गांभीर्याने घ्यायचं असतं. मूत्राशयात गाठ असली तर रक्त एकदा येतं, थांबतं, मग कित्येक दिवस काहीच दिसत नाही. या मधल्या काळात माणूस निर्धास्त होतो, तेच मला धोक्याचं वाटतं. गोळीवर खापर फोडून मोकळं होऊ नका. तिच्यामुळे रक्त सहज वाहतं, पण ते येतंय कुठून हे शोधावंच लागतं. मनाने गोळी बंदही करू नका. बाबा सिगारेट ओढायचे का? सोडून बरीच वर्षं झाली असतील तरी डॉक्टरांना सांगा.

सूक्ष्मदर्शी: मी लॅबमध्ये काम करते. सूक्ष्मदर्शकाखाली एका फील्डमध्ये ३ किंवा जास्त आरबीसी दिसल्या की रक्त आहे असं धरतात. बीट खाल्ल्यावर किंवा रिफाम्पिसिन (टीबीचं औषध) घेतल्यावरही लघवी लालसर होते, पण तेव्हा पेशी दिसत नाहीत. तुमच्या रिपोर्टमध्ये त्या आहेत. प्रोटीन जात असेल, कास्ट (किडनीच्या नळ्यांत तयार होणारे सूक्ष्म साचे) दिसत असतील, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा घटक) वाढलं असेल किंवा पायांना सूज असेल तर नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीच्या आजारांचे डॉक्टर).

सावली: ओढायचे, बरीच. सोनोग्राफी नॉर्मल आली तर दुर्बिणीची तपासणी टळेल का? बाबांना तिचीच धास्ती आहे.

पाणवठा: त्यावर विसंबू नका. लहान किंवा चपटी गाठ सोनोग्राफीत निसटू शकते, म्हणून या वयात सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय आतून बघणं) सांगतातच. बहुतेकदा सुन्न करणारी जेल लावून बारीक, लवचिक दुर्बीण आत घालतात, काही मिनिटांचं काम. नंतर एक-दोन दिवस जळजळ होते, लघवी किंचित गुलाबी येते. सोबत कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन काढलेला) सीटी स्कॅनही सांगतील, त्याआधी क्रिएटिनिन बघतात. बाबांना विचारून ठेवा: रक्त सुरुवातीला आलं, शेवटी, की पूर्ण धारेत? गुठळ्या होत्या का? गुठळ्यांनी लघवी अडली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.