मदत हवी आहे : ‘बाजीराव मस्तानी’मधील इतिहास आणि कल्पना कशी वेगळी करावी?

सप्रेम नमस्कार.

ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) या चित्रपटातील कोणते प्रसंग कादंबरीतून आले, कोणते पटकथेत नव्याने रचले गेले आणि कशाला अस्सल कागदपत्रांचा आधार आहे, याची प्रसंगवार छाननी मला करायची आहे. काशीबाई व मस्तानी यांचे एकत्र नृत्य पेशव्यांच्या घराण्यात संभवत नव्हते, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता आणि मला तो रास्त वाटतो. त्यामुळे त्यावर अधिक विचारत नाही.

माझी खरी अडचण शेवटाची आहे. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले, हे निर्विवाद आहे. परंतु त्यापूर्वीच्या महिन्यांत मस्तानीला पुण्यात अटकेत ठेवल्याविषयी आणि तिच्या मृत्यूविषयी समकालीन पत्रांत नेमके काय आढळते? गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे कोणते खंड यासाठी पाहावेत? कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य असावेच, मात्र पडद्यावरचे दृश्य पुढे इतिहास म्हणून सांगितले जाते, म्हणून ही विनंती. जाणकारांनी शक्य असल्यास पत्राची तारीखही कळवावी.