मदत हवी आहे: मी ‘पुढे’ म्हटल्यावर समोरच्याने काय समजायचं?

गेम थिअरीचा (समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवण्याच्या गणिताचा) पेपर तीन आठवड्यांवर आलाय आणि मी सेंटिपीड नावाच्या खेळात अडकलेय. गणित जमतंय, पटत नाहीये.

रोझेन्थाल या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये मांडलेला हा खेळ. काल रात्री रूममेटबरोबर चिंचोके घेऊन खेळून बघितला, चिंचोक्याला एक रुपया. दोन ढीग, ४ आणि १. जिची पाळी तिने मोठा ढीग उचलायचा (छोटा दुसरीला, खेळ खलास) नाहीतर ‘पुढे’ म्हणायचं. मग दोन्ही ढीग दुप्पट, पाळी दुसरीची. अशा चार पाळ्या. चौथीलाही ‘पुढे’ आलं तर ६४ मला, १६ तिला.

शेवटून मागे यायचं म्हटलं तर चौथीला ती ३२ उचलणार. ते माहीत असल्याने तिसरीला मीच १६ घेणार. म्हणून दुसरीला ती ८ घेणार. म्हणजे मी पहिल्याच पाळीला ४ उचलून गप्प बसायचं. हा झाला सबगेम पर्फेक्ट समतोल, म्हणजे कुठल्याही पाळीपासून बघितलं तरी एकटीने चाल बदलून कुणाचाच फायदा नाही.

मी मुद्दाम ‘पुढे’ म्हटलं. ती हातातले चिंचोके खुळखुळवत माझ्याकडे बघत राहिली. “चुकलीस, की काही शिजतंय?”

माझाही प्रश्न हाच. झेल्टनच्या १९७५ च्या ‘थरथरत्या हाता’प्रमाणे तिने समजायचं, की हात चुकला, पुढच्या पाळीला ही पुन्हा शहाणी, म्हणजे स्वतःचा फायदा बघूनच खेळणारी. पण तिला चूक वाटलीच नाही तर? तीही ‘पुढे’ म्हणेल, मग माझं ‘पुढे’ म्हणणंच शहाणपणाचं ठरतं! सरांना विचारलं, तर म्हणाले परीक्षेत बॅकवर्ड इंडक्शन, म्हणजे हेच शेवटून मागे येणं, लिही.

प्रतिसाद:
सर मार्कांपुरते बरोबर आहेत. गेम थिअरीवाल्या ऑमनने १९९५ मध्ये दाखवलं, की दोघीही शहाण्या आहेत हे दोघींना पक्कं ठाऊक, आणि ते ठाऊक असल्याचंही ठाऊक, असं शेवटपर्यंत धरलं तर खेळ पहिल्याच पाळीला संपतो. त्यावर बिनमोर या अर्थशास्त्रज्ञाची हरकत तुमचीच: ‘पुढे’ ऐकल्यावर ते गृहीतक टिकलंय कुठे?

जरा आकडे मांडा. ती ‘पुढे’ म्हणण्याची शक्यता तुमच्या मते क्ष. तिने उचललं तर तुम्हाला २, नाहीतर तिसरीला १६. २(१−क्ष) + १६क्ष हे ४ पेक्षा जास्त कधी? क्ष १/७ च्या वर गेला की. एवढीशी शंका पुरते. मॅकेल्वी आणि पॅल्फ्री यांच्या १९९२ च्या प्रयोगात चार पाळ्यांच्या छोट्या रकमेच्या खेळात पहिल्याच पाळीला थांबणारे सुमारे ७ टक्केच होते.

धागाकर्ती:
१/७! हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण ही शंका खेळाच्या आकृतीत दाखवायची कुठे?

प्रतिसाद:
सगळ्यात आधी. हर्सान्यीची युक्ती: पहिली चाल निसर्गाची, म्हणजे नशिबाची, रूममेट ‘हिशेबी’ की ‘कायम पुढे म्हणणारी’ हे तो ठरवतो, तुम्हाला दिसत नाही. मग सीक्वेन्शियल समतोल काढा. तिथे प्रत्येक पाळीला कुणाचा कशावर विश्वास आहे हे लिहावंच लागतं, तुमचा प्रश्न तिथेच बसतो. बाकी, काल झालं काय?

धागाकर्ती:
ती ‘पुढे’ म्हणाली. मी १६ उचलले. आज दूध मलाच आणावं लागलं.