पोस्टरवर पाहुण्या गायिकेचा फोटो, पियानोवाल्या बाईंचं नावही नाही

स्वान्सीकर:
गेल्या शनिवारी इथे वेल्समध्ये, आमच्या खोऱ्यातल्या एका चॅपलमध्ये पुरुषांच्या गायकवृंदाचा कार्यक्रम ऐकला. साठेक गडी, उंच ते खर्ज अशा चार आवाजांत वाटलेले: पहिले टेनर, दुसरे टेनर, बॅरिटोन, बेस. मध्ये दोनदा पाहुणी सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाची गायिका, येऊन तीन-तीन गाणी गाऊन गेली. छान गायली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण दारावरच्या पोस्टरवर तिचा फोटो, वृंदसंचालकांचं नाव ठळक, आणि दोन तास जागचं न हलता सगळा कार्यक्रम पेलणाऱ्या पियानोवाल्या बाईंचं नाव कुठेच नाही. शेवटी पुष्पगुच्छही सोप्रानोला. बाई तेव्हा नोटेशनची पानं गोळा करत होत्या.

पुढच्या बाकावर होतो म्हणून एक गोष्ट दिसली. एका गाण्यात मधली दोन कडवी पियानोशिवाय होती. गाता गाता मंडळी किंचित उतरली, अर्ध्या सुरापेक्षाही कमी. शेवटच्या कडव्याला पियानो परत यायचा होता. तो आला असता तर उतरलेला सूर भर सभेत उघडा पडला असता. बाईंनी हात पट्ट्यांवर ठेवले, संचालकांकडे पाहिलं, बारीकशी मान हलवली आणि हात पुन्हा मांडीवर घेतले. कडवं तसंच, नुसत्या आवाजांवर संपलं. लोकांना वाटलं, असंच बसवलंय.

साथीदाराचं नाव पाहुण्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

मंद्रसप्तक:
असहमत. पोस्टर तिकिटं खपवण्यासाठी असतं, ऋण फेडण्यासाठी नाही. सगळे पुरुषी आवाज, सगळा रंग खर्जाकडे झुकलेला. दोन तास तेवढंच ऐकून कान थकतो. त्यावर सोप्रानोचा आवाज आला की सभागृहात खिडकी उघडल्यासारखं होतं. शिवाय बरेच गायक साठीपुढचे. वरच्या पट्टीत चार गाणी झाली की टेनरांना बसू द्यावंच लागतं.

आणि पाहुण्या गायकाचं मोल बघायचं तर अमेरिकी कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन आठवा. १९५० मध्ये अमेरिकी सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. ऑक्टोबर १९५७ मध्ये वेल्समधल्या पोर्थकॉलला खाणकामगारांचा आइस्टेदवॉड, म्हणजे गाण्या-कवितांचा उत्सव, भरला होता. हा न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसून अटलांटिकखालच्या टेलिफोन केबलवरून गायला, आणि इकडून ट्रिऑर्की गावच्या पुरुषवृंदाने गाऊन त्याला उत्तर दिलं. पासपोर्ट परत मिळाला तो १९५८ मध्ये. त्या दुपारी पियानोवर कोण होतं, हे विचारायला कोणी आलं नव्हतं.

कोमल_निषाद:
मंद्रसप्तक, कोणी विचारलं नाही, हेच तर धागाकर्ते म्हणतायत! आपल्याकडे साध्या गल्लीतल्या मैफलीच्या पत्रिकेतही पेटी आणि तबल्यावर कोण, ते छापतात. स्वान्सीकरांना +१.

सूरसंशयी:
मला तर दोघंही नकोत. या वृंदांची ताकद चार आवाज एकमेकांत मिसळण्यात आहे. पियानो आला की कच्चा बेस झाकला जातो, आणि पाहुणा आला की वृंद मागचा पडदा होतो. १८९५ मध्ये ट्रिऑर्कीच्या मंडळींना विंडसरला राणी व्हिक्टोरियासमोर गायला बोलावणं आलं, ते वृंद म्हणून.

दुसरा_बेस:
मी आठ वर्षं कार्डिफजवळच्या एका वृंदात गातोय, म्हणून थोडं आतलं सांगतो.

सूरसंशयी, पियानोशिवाय कार्यक्रम होईल, तालीम होणार नाही. आमच्यातल्या निम्म्यांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, वाचता येत नाही. जुनी माणसं टॉनिक सोल-फावर, म्हणजे डो-रे-मी अशा अक्षरांत लिहिलेल्या सुरांवर, वाढली. आपल्या षड्जासारखा त्यांचा 'डो' हलता असतो, त्यामुळे मला ती पद्धत लगेच आपली वाटली. बाकीचे कानाने शिकतात. सोमवारी आणि गुरुवारी आमच्या बाई आधी एकेका आवाजाची ओळ वाजवतात, मग आमची ओळ मोठ्याने आणि उरलेल्या तीन दबक्या. चार ओळी पाच रेघांच्या चार वेगळ्या संचांवर छापलेल्या, त्यात टेनरची लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजवायची. हे सगळं बघता क्षणी. आणि 'बेस, सोळाव्या मापात तुम्ही बॅरिटोनचा सूर चोरताय' हे संचालकांच्या आधी त्यांनाच कळतं. तो चोर बहुधा मीच असतो.

पण मंद्रसप्तक यांचंही एक पटतं. आमच्याकडे येणारे पाहुणे बहुतेक तरुण, कार्डिफच्या रॉयल वेल्श कॉलेज या संगीत-नाट्य महाविद्यालयातून नुकते बाहेर पडलेले किंवा आइस्टेदवॉडमध्ये बक्षीस मिळवलेले. या खोऱ्यांतून मोठे गायक आलेत: गेरंट इव्हान्स आणि स्टुअर्ट बरोज किलव्हनिद गावातल्या एकाच गल्लीत जन्मले. फोटो छापून चार माणसं त्या पोरीला ऐकायला येणार असतील तर छापाच. तिला मात्र बाईंबरोबर तालमीला त्याच दुपारचा तासभर मिळतो. कुठे श्वास घेणार, कुठे थांबणार, सगळं बाईंनी त्या तासात टिपून ठेवायचं. म्हणजे तिची रात्रही बाईंच्याच हातात.

मंद्रसप्तक:
तालमीचं हे माहीत नव्हतं. मग त्यांना मानधन वाढवून द्या, ते जास्त खरं. मोठ्या अक्षरांनी काय होणार?

दुसरा_बेस:
मी आमच्या बाईंनाच विचारलं होतं. म्हणाल्या, नाव राहू दे, चॅपलचा पियानो कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सुरात लावून घ्या. हिवाळ्यात ओलीने तो इतका बिघडतो की मधल्या 'सी'च्या वरच्या दोन पट्ट्या टाळून त्या वाजवतात.

स्वान्सीकर:
दोन्ही मागण्या लिहून काढतोय. इथल्या वृंदाच्या चिटणीसांना भेटायला मंगळवारी जाणार आहे. पियानो लावायचा खर्च तिकिटातून निघत नसेल तर पहिले वीस पौंड माझे. पण नावाची मागणी मी सोडत नाही. बाईंनी स्वतः नको म्हटलं म्हणून आपण न छापणं बरोबर ठरत नाही.