पावसाला पाणी लागत नाही

‘व्हेन द रेन स्टॉप्स फॉलिंग’ हे ऑस्ट्रेलियन नाटक छोट्या नाट्यसंस्थेच्या आवाक्यातलं नाही, कारण पाऊस, आभाळातून पडणारा मासा आणि १९५९चं लंडन ते २०३९चं ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅलिस स्प्रिंग्ज एवढा पसारा, असं काहींचं म्हणणं आहे. मला हे अजिबात पटत नाही. अँड्र्यू बोव्हेलचं हे नाटक २००८ साली अ‍ॅडलेडमध्ये पहिल्यांदा झालं, ते ब्रिंक या तिथल्या छोट्या नाट्यकंपनीच्या पुढाकारातूनच. लेखक, दिग्दर्शक ख्रिस ड्रमंड आणि चित्रकार-शिल्पकार हुसेन वलामनेश यांनी बरोबर बसून ते घडवलं. राष्ट्रीय पातळीवरच्या नाट्यगृहाचं बजेट डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली ही संहिता नाही.

आमच्या हौशी गटाने ते केलं तेव्हा पाऊस फक्त ध्वनीतून आणि छत्र्यांतून आला, आणि पुरला. खरा कस लागला तो सुरुवातीच्या सूपच्या प्रसंगात. एका कुटुंबाच्या पिढ्यांशी जोडलेली, वेगवेगळ्या काळातली माणसं एकाच खोलीत येतात, ओला कोट टांगतात, खिडकीबाहेर बघतात, माशाचं सूप पितात, आणि एकमेकांना दिसत नाहीत. शब्द जवळजवळ नाहीतच, त्यामुळे सगळा भार हालचालींच्या तालावर. एकाने चमचा उशिरा उचलला तरी प्रेक्षकाला पिढ्यांचं नातं लागत नाही. आम्ही तालमीत पहिल्या दिवसापासून खऱ्या वाट्या, खरे कोट वापरले आणि वंशवृक्ष भिंतीवर लावला. हे नाटक करणार असाल तर तुमचे पैसे नेपथ्यावर घालू नका, तालमीची जागा जास्त दिवस भाड्याने घ्या. आणि प्रयोगाचे हक्क तालमी सुरू करण्याआधी, लेखी.