निराधारचा पगार, यूडीआयडी आणि फेरतपासणी : कुठला कागद कामी आला?

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचा पगार, म्हणजे महिन्याची मदत, ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजाराचा अडीच हजार झाला. तो चालू राहायचा तर दरवर्षी हयातीची पडताळणी, आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मुदतीचं असेल तर पुन्हा तपासणी. शिवाय यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या सगळ्यांनी आपापला अनुभव लिहा. आधार नंबर, फोन नंबर मात्र कुणी टाकू नका.

सुरुवात मी करते. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तपासणीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून शांत बसतो, विचारलेल्याला ‘हो’ म्हणतो. घरी गोळी हातावर ठेवून समोर उभं राहावं लागतं. सात रस्त्यापर्यंत एकटा गेला तर शोधायला जावं लागतं. हे पाच-दहा मिनिटांत कुणाला कसं दिसणार? मानसिक आजारातल्या दिव्यांगत्वाची टक्केवारी काढताना स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, असे चार भाग बघतात. त्याच चार भागांत मी तारीख घालून वही लिहिली. आजार किती वर्षांचा, तेही धरतात, म्हणून पहिल्या चिठ्ठीपासून सगळं क्रमाने लावलं. डॉक्टरांनी वही खरोखर वाचली, आणि आईला दोन प्रश्न जास्तीचे विचारले.

नई जिंदगी परिसरातून : आमच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, हात यंत्रमागाच्या पट्ट्यात गेला. ऑपरेशन खाजगीत झालं. तपासणीला ऑपरेशनचे कागद मागितले, तर दवाखाना म्हणाला, आता मिळणार नाहीत. एका वकीलताईंनी सांगितलं की डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत आहे : उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं कागद जपायचे, आणि पेशंटने मागितले की ७२ तासांत द्यायचे. लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. मग मिळाले. तोंडी मागू नका, बायांनो.

पूर्व भाग : आमच्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहितात. आईच्या रेशन कार्डावर एक क्रम, आधारवर दुसरा, पासबुकात नुसतं आद्याक्षर. फेरतपासणीआधी पहिलं काम हेच करा : आधारवर जसं नाव आहे तसंच बँकेत आणि यूडीआयडीवर. आणि विड्या वळून वळून आईच्या बोटांचे ठसे मशीनवर उठतच नाहीत. डोळ्यांवरून ओळख पटवता येते, केंद्रावर ठामपणे तेच मागा.

बार्शी : मला लहानपणी पोलिओ झाला. पाय तेव्हापासून असाच आहे आणि असाच राहणार. ‘कायमस्वरूपी’ लिहिलेलं जुनं हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र लॅमिनेशनमधून न काढता तसंच स्कॅन करून यूडीआयडीच्या अर्जाला जोडलं. पुन्हा सिद्ध करायला लावलं की राग येतो, आणि तो यायलाच हवा.

मंगळवेढा : मुलगी साडेतीन वर्षांची, ऐकू येत नाही. एवढ्या लहान लेकराला आवाज आला का विचारून चालत नाही, झोपेत बेरा तपासणी करतात, म्हणजे आवाज ऐकवून मेंदूचा प्रतिसाद मशीनवर बघतात. तिचा रिपोर्ट, श्रवणयंत्राची पावती आणि स्पीच थेरपीच्या नोंदी एकाच पिशवीत ठेवते. पहाटेच्या एसटीने निघताना लेकराला झोपू देत नाही, म्हणजे तिथे पटकन झोपते.

दक्षिण सोलापूर, सेतूत काम करतो : प्रमाणपत्र ४० टक्के किंवा जास्त आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत, हे दोन आकडे आधी बघा. उत्पन्नाचा दाखला जुना झालेला असतो, तिथेच जास्त फायली अडतात. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नका, झेरॉक्स द्या आणि पोच घ्या. अंथरुणावरच्या माणसाला उचलून आणण्याआधी तलाठ्याला घरी येऊन बघायची लेखी विनंती करा. आमच्या भागात एका आजोबांचं तसं झालंय.

@दक्षिण सोलापूर : त्या अर्जाचा मसुदा इथे टाकाल का? माझे वडील पॅरालिसिसने पडून आहेत, मार्चच्या आत द्यायचाय.