मदत हवी आहे: पिस्तुलांच्या प्रतिकृतींवर पांढरी पूड, चवथीच्या आत उपाय हवा

म्हापशेकर
नमस्कार. थेट विचारतो. जुन्या, दुर्मीळ पिस्तुलांच्या प्रतिकृती जमवायचा मला नाद आहे. गारगोटीवाली, केपाची, हत्तीवरच्या हौद्यातलं एक दुनळी, एक डेरिंजर (खिशात मावणारं छोटं पिस्तूल), अशी बरीच आहेत. या पावसात त्यांच्यावर पांढरी पूड धरायला लागलीय. पुसली की जाते, चार दिवसांनी पुन्हा हजर. डेरिंजरच्या नळीला तर केसाएवढी चीर गेलीय आणि तिथे ती किंचित फुगल्यासारखी वाटते. चवथीला मेहुणे पुण्याहून येतायत, त्यांच्यापुढे हा संग्रह खारवलेल्या बांगड्यांसारखा मांडायचा नाहीये. काय लावू तेवढं सांगा. 'दमट हवेपासून जपा' असलं काही नको, जन्म गोव्यात गेलाय.

खटपट्या
धातू कुठला?

म्हापशेकर
धातू म्हणजे धातू. प्लास्टिक नाही. हातात चांगली जड लागतात.

खटपट्या
अहो, लोखंड की पितळ की अजून काही? लोखंडाला तांबडा गंज येतो, पितळेला हिरवा. पांढरं येतंय म्हणजे भानगड वेगळी आहे. लोहचुंबक लावून बघा. आणि फोटो टाका.

डिचोलीचा नातू
खोबरेल तेल लावा, विषय संपला. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी परवाना काढलेली. पावसाळ्याच्या तोंडावर गजाला चिंधी गुंडाळून नळीत तेल फिरवायचे, उरलेलं दस्त्याला चोळायचे. गंजाचा ठिपका कधी दिसला नाही. हल्ली सगळ्याला स्प्रे लागतो.

चोरबाजार रिटर्न
खोबरेल खवट होतं, चिकटतं, वर धूळ बसते. डब्ल्यूडी-४० चा गंजरोधक स्प्रे मारा आणि मोकळे व्हा.

डिचोलीचा नातू
डब्ल्यूडी-४० उडून जातं, मग महिन्याने परत मारत बसा. आणि आजोबांची बंदूक न बघता तिला चिकट म्हणू नका.

सुलभाताई फोंडा
पांढरं म्हणजे बुरशीच असणार हो, माझ्या चामड्याच्या पर्सवर दर श्रावणात येते. पितळी समया मी चिंचेच्या कोळाने नाहीतर बिंबलांनी घासते, वर चिमूटभर मीठ. लख्ख निघतात. एका पिस्तुलावर करून बघा.

रसायनमास्तर
सुलभाताई, समयांना चालेल, इथे नको. म्हापशेकर, चिंच, लिंबू, व्हिनेगर यातलं काहीही त्या पिस्तुलांना लावू नका. चुंबक चिकटतोय का, ते आधी सांगा.

म्हापशेकर
चिकटत नाही. म्हणजे नळीला आणि कळीच्या (घोडा-चापाच्या यंत्रणेच्या) पट्टीला नाही, आतल्या स्प्रिंगला चिकटतो. बहुतेकांच्या खाली मेड इन स्पेन कोरलेलं आहे. फोटो चढत नाहीये, या साइटला काय झालंय कोण जाणे.

रसायनमास्तर
हे पहिल्याच वेळी सांगितलं असतंत तर आजोबांची बंदूक मध्ये आली नसती. तुमच्याकडे आहे तो जस्ताचा मिश्रधातू, झमॅक म्हणतात त्याला. जस्त मुख्य, त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, थोडं तांबं, नावापुरतं मॅग्नेशियम. कमी उष्णतेला वितळतो, साच्यातली बारीक नक्षीही नीट उतरते, म्हणून शोभेच्या प्रतिकृती यातच ओततात. स्पेनच्या मिनोर्का बेटावरची डेनिक्स कंपनीही यातच ओतते. यावरची पांढरी पूड म्हणजे जस्ताचा गंज. बुरशी नाही, मीठ नाही.
आता सांगा, ठेवता कुठे?

कायदेपंडित
थांबा थांबा. सगळे तेलपाणी सांगतायत, कोणी परवान्याचं विचारलंच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ खाली जुन्या बनावटीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालवता येत नसतील तरच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला परवान्याची दोनच हत्यारं ठेवता येतात. वस्तू खरोखर शंभर वर्षांची निघाली तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो. म्हापशेकर, तुमच्याकडे 'बरीच' म्हणजे किती?

म्हापशेकर
शोभेच्या आहेत हो! नळी पुढून चार बोटं पोकळ, मागे भरीव. त्यातून वाटाणासुद्धा उडणार नाही. मी पांढऱ्या पुडीचं विचारलंय.

कायदेपंडित
तुम्ही म्हणता म्हणून. हौद्यातलं दुनळी कुठल्या कंपनीचं?

चोरबाजार रिटर्न
पंडित, तुम्ही माणसाला घाबरवताय. शोभेची आणि बार काढणारी यात फरक आहे. इटलीत ब्रेशियाजवळ गार्दोने गावात पेदेरसोली ही कंपनी ठासणीच्या पिस्तुलांच्या प्रतिकृती बनवते, त्यात हौद्यातलं दुनळीही आहे. ती पोलादी असतात आणि खरोखर बार काढतात. आपल्याकडे कायद्याने ती बंदूकच. स्पेनची जस्ताची वेगळी.

कायदेपंडित
मी नेमकं तेच विचारत होतो. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रतिकृतींचाही उल्लेख आहे. यापुढे परदेशातून काही मागवणार असाल तर कस्टमला आणि जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्या. पार्सल अडकल्यावर इथे धागा काढून उपयोग नाही.

पर्वरी टू पुणे
मोपाहून विमानाने नेणार असाल तर हातातल्या बॅगेत अजिबात ठेवू नका, खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा काढून घेतात. भाच्याचं गेलं.

म्हापशेकर
कुठेही नेत नाहीये! मेहुणे इकडे येतायत!!

तोडेवाला
विषय निघालाच आहे तर राहवत नाही. म्हापशेकर स्पेनची प्रतिकृती जमवतात, पण गोव्याचं स्वतःचं बंदूककाम कोण जमवतं? १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा घेतलं तेव्हा इथले कारागीर तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या, बंदुका घडवतच होते. १५१३ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजा मनुएलला कळवलं की गोव्याचे कारागीर बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीचं काम करतात. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर ज्या बंदुका उतरल्या, त्यांची कळ याच घराण्यातली मानतात. चाप ओढला की जळता तोडा स्प्रिंगने खटकन बंदुकीच्या कानावर, म्हणजे दारू पेटवायच्या जागी, आपटायचा. त्या कळीची प्रतिकृती कोणी केली तर मी पहिला गिऱ्हाईक.

चोरबाजार रिटर्न
तोडेवाले, छान माहिती, पण ती लांब बंदूक. धागा पिस्तुलांचा आहे.

तोडेवाला
कळ तीच असते. पिस्तुलात काय वेगळं असतं?

चोरबाजार रिटर्न
तोड्याचं पिस्तूल कमरेला खोचून बघा एकदा, जळत्या तोड्यासकट. चाक फिरून ठिणगी पाडणारी कळ आली तेव्हा कुठे पिस्तूल सोयीचं झालं.

सुलभाताई फोंडा
जपानवरून आठवलं, आमच्या जावईबापूंनी तिथून एक नकली पिस्तूल आणलंय, सोनेरी रंगाचं. देवघरातलं वाटतं. असं का करतात?

चोरबाजार रिटर्न
तिथे १९७१ पासून धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग सक्तीचा आहे, लांबून खरं वाटू नये म्हणून. रंग खरवडू नका, जुन्या जपानी मॉडेलला शौकीन लोक शोधत असतात.

रसायनमास्तर
म्हापशेकर, माझा प्रश्न तसाच राहिला. ठेवता कुठे?

म्हापशेकर
शोकेसमध्ये. आणखी कुठे ठेवणार?

रसायनमास्तर
कसली शोकेस? जुनी की नवी?

म्हापशेकर
मे महिन्यात सुताराकडून करून घेतली. प्लायवूड, आत मखमल, समोर काच. पावसाची हवा आत जाऊ नये म्हणून काचेच्या कडेने सगळीकडे सिलिकॉन भरून घेतलंय, अगदी हवाबंद. म्हणून तर म्हणतोय, ओलीचा प्रश्नच नाही. आधी ही पिस्तुलं दिवाणखान्यात भिंतीवर उघडी टांगलेली असायची, तेव्हा काही होत नव्हतं.

रसायनमास्तर
दार उघडल्यावर वास येतो का?

म्हापशेकर
येतो थोडा. आंबट, लोणच्यातल्या व्हिनेगरसारखा. नव्या लाकडाचा असेल. वासाचं काय मध्येच?

रसायनमास्तर
तोच तर तुमचा चोर. काच बसवायला जे साधं, स्वस्त सिलिकॉन वापरतात ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. उघड्या खिडकीत ते उडून जातं. तुमच्या हवाबंद पेटीत जाणार कुठे? त्यात नवं प्लायवूड. लाकूड आणि त्याला चिकटवणारा गोंद हेही ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा सोडतात. जस्त आणि शिसं या दोन धातूंना या वाफा फार लवकर खातात. संग्रहालयांत शिशाची पदकं आणि नाणी लाकडी खणात ठेवत नाहीत ती याचसाठी. वर पावसाळ्यात पेटी बंद करताना ९० टक्क्यांची ओल आतच कोंडली गेली. आम्ल, पाणी आणि कोंडलेली हवा, जस्ताला अजून काय लागतं? भिंतीवर वारा लागत होता म्हणून पिस्तुलं शाबूत होती.

खटपट्या
मास्तर, पटत नाही. आमच्या बहिणीकडे अशाच शोकेसमध्ये चांदीच्या वस्तू आहेत, काही झालेलं नाही.

रसायनमास्तर
चांदी आणि जस्त एक नाही. चांदीला गंधक काळं करतं, हे आम्ल तिचं फारसं वाकडं करत नाही. पटत नसेल तर म्हापशेकरांनी पडताळून बघावं. पूड आलेल्या दोन प्रतिकृती साफ करून एक पुन्हा आत ठेवायची, दुसरी भिंतीवर.

म्हापशेकर
साफ कशाने करू ते सांगा. तेच तर विचारलं होतं पहिल्यांदा.

रसायनमास्तर
मऊ, कोरड्या टूथब्रशने पूड झाडा, खाचांतली लाकडी दातकोरणीने काढा. नाका-तोंडाला रुमाल बांधा. मग औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटने कापूस ओला करून पुसा, केस वाळवायच्या यंत्राने सुकवा, फार जवळ धरू नका. रंग ज्या ठिकाणी उडालाय तिथे पातळ मेण चोळा, फर्निचरचं नको, त्यात काय काय असतं. सूक्ष्मस्फटिकी मेण (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) मिळालं तर उत्तम.

डिचोलीचा नातू
मेण चालतं आणि खोबरेल चालत नाही?

रसायनमास्तर
खोबरेल शिळं झालं की त्यातलीही आम्लं सुटी होतात. पोलादी नळीला रोज हात लागत असेल तर फरक पडत नाही. इथे पिस्तुलं महिनोन् महिने नुसती पडून असणार.

चोरबाजार रिटर्न
मग डेरिंजरची चीर? ती पण सिलिकॉनने?

रसायनमास्तर
ती वेगळी. म्हापशेकर, डेरिंजर पण स्पेनचं का?

म्हापशेकर
नाही. मुंबईच्या चोरबाजारातून घेतलं होतं, मटन स्ट्रीटवरून. खाली काही छापलेलं नाही. लिंकनवर १८६५ मध्ये झाडलं ते याच घडणीचं, खरं वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये आहे. माझं सगळ्यात लाडकं.

रसायनमास्तर
मग ते वाचणं कठीण आहे. जस्त ओतताना त्यात शिसं, कथील किंवा कॅडमियम मिसळलं गेलं तर धातू आतून, कणांच्या सांध्यांतून फुगायला लागतो. उष्णतेने आणि ओलीने ते वाढतं. १९२९ मध्ये अमेरिकेत अतिशुद्ध जस्त वापरून झमॅक आणला तो याच दुखण्यावर. पण भंगार वितळवून ओतणारे शुद्धता कुठे बघतात? दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या खेळण्यातल्या गाड्या आणि आगगाड्यांचे डबे असेच फुटतात. चीर भरून काढायचा उपाय नाही. कोरड्या जागी ठेवा म्हणजे सावकाश होईल.

खटपट्या
मग ते लगेच बाकीच्यांपासून दूर ठेवा, पसरतं ते.

रसायनमास्तर
नाही पसरत. दोष त्या ओतकामातच आहे, शेजाऱ्याला लागत नाही.

फ्रायडे बाजार
माझाही एक प्रश्न. हणजूणच्या बाजारात मित्राने ईस्ट इंडिया कंपनीचं पिस्तूल घेतलंय. कळीच्या पट्टीवर मागच्या पायांवर उभा सिंह आहे. खरं असेल का?

चोरबाजार रिटर्न
सिंह आहे म्हणजे खरं असं नाही. कंपनीने १८०८ पासून तो वापरला, त्याआधी चार भागांचं हृदय असायचं. पण तोच सिंह आता प्रवाशांसाठी केलेल्या मालावरही सर्रास ओतलेला असतो. पट्टीवरच्या स्क्रूच्या कडेने नख फिरवा. स्क्रू आणि पट्टी एकाच ओतकामातले असतील, नख कुठेच अडकत नसेल, तर शोभेचं. नळीच्या पोटाखाली साच्याच्या जोडाची रेघ दिसते का तेही बघा. घडवलेल्या नळीला ती नसते.

म्हापशेकर
अहवाल देतो. आत ठेवलेल्याला पुन्हा पूड आली. भिंतीवरचं स्वच्छ आहे, आणि भिंत तीच ओली. सुताराला बोलावून झापलं, तो म्हणतो सगळे हेच सिलिकॉन वापरतात. सगळं खरवडून काढायला लावलंय. आता काच बसवू कशाने? चवथ दारात आलीय.

रसायनमास्तर
न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन मिळतं, त्याला आंबट वास नसतो. ट्यूबवर ॲसिटॉक्सी लिहिलं असेल तर परत करा. पण चवथीपर्यंत काहीच भरू नका. काचेला नुसत्या खाचेच्या पट्ट्या मारा, मागच्या फळीला वर-खाली भोकं पाडा, दार महिनाभर उघडं ठेवा. सिलिका जेल घातलंत तर निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद भाजून परत घाला. गोव्यात ते हरघडी करावं लागेल.

डिचोलीचा नातू
पूर्वी कपाटात शून्याचा बल्ब लावून ठेवायचे, तेही चालेल.

रसायनमास्तर
चालेल. मखमलीपासून लांब लावा.

चोरबाजार रिटर्न
म्हापशेकर, हौद्यातलं विकणार का?

म्हापशेकर
नाही.

चोरबाजार रिटर्न
मग डेरिंजर? फुटकं असलं तरी घेतो, कळ सुटी करून वापरीन. पोस्टाने पाठवा, खर्च माझा.

कायदेपंडित
पार्सलवर काय लिहिणार आहात?