गणपतीत गावी बघायला 'जनावर मागावर' छापाचा सिनेमा सुचवा

सुरंगी:
गणपतीला देवरुखजवळ गावी सगळी चुलत-आते भावंडं जमतो. आरत्या, जेवणं आटोपली की पडवीत पडदा लावून सिनेमा. यंदा फर्माईश अशी की माणसं रानात अडकलेली हवीत आणि मागावर जनावर हवं. नुसता रक्ताचा सडा नको, धाकटी दहावीत आहे. गावात नेटची बोंब, त्यामुळे मुंबईहूनच डाउनलोड करून नेणार. भाऊ 'द ग्रे'वर अडून बसलाय. कसा आहे?

माडाखालचा:
बघाच. अलास्कात तेलाच्या कामावरची माणसं विमान पडून बर्फात अडकतात आणि लांडगे त्यांना एकेक करून गाठतात. लियाम नीसन हा कामगारांच्या रक्षणासाठी लांडगे मारायला ठेवलेला नेमबाज. विमान पडल्यावर एका मरणाऱ्या माणसाला तो शांतपणे खरं काय ते सांगतो, तिथे मला लांडग्यांपेक्षा जास्त धस्स झालं. शेवटी चिडचिड होईल. नामावली सरल्यावर क्षणभराचं एक दृश्य आहे, तोवर प्रोजेक्टर बंद करू नका.

कोळसुंदा:
माझं मत उलटं. सिनेमा म्हणून पकड घेतो, पण ते लांडगे नाहीत, राक्षस आहेत. खरा लांडगा माणसावर असा डूख धरून फिरत नाही. आपल्याकडे सह्याद्रीत कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, कळपाने सांबर पाडतात आणि माणूस दिसला की सटकतात.
त्यापेक्षा 'द एज' (१९९७) लावा. अँथनी हॉपकिन्स म्हणजे गडगंज आणि पुस्तकी माणूस, अलेक बाल्डविन फोटोग्राफर. विमान पडतं, अस्वल मागे लागतं. वर हॉपकिन्सला संशय, की हा आपल्या बायकोच्या मागे आहे. म्हणजे आता भ्यायचं कुणाला? अस्वल खरंखुरं आहे, बार्ट नावाचं, शिकवलेलं. ते उभं राहिलं की पडद्यावर वजन जाणवतं. कॉम्प्युटरवरच्या जनावरांना ते कधीच येत नाही. पटकथा नाटककार डेव्हिड मॅमेटची, त्यामुळे संवादही ऐकण्यासारखे.

वाशिष्ठीकाठ:
'क्रॉल' (२०१९). फ्लोरिडात चक्रीवादळ, घराखालच्या बुटक्या जागेत बाप-लेक अडकलेले, पाणी चढतंय आणि मगरींच्या जातीतले अ‍ॅलिगेटर आत शिरलेत. दीड तासात खेळ खलास. थोडं रक्त आहे, धाकटीचं तुम्ही ठरवा. मी चिपळूणचा. २०२१ चा पूर पाहिलाय, वाशिष्ठीत मगरी आहेतच. मी परत बघणार नाही, तुम्ही बघा.

गजालवाडी:
गणपतीत भजनां सोडून असली पिक्चरां बघतलास? बघा बघा. मगे रातचे एकटे भायर पडान दाखवा.

रातांबा:
घरात वडीलधारी असतील तर 'द घोस्ट अँड द डार्कनेस' (१९९६). ओम पुरी आहेत, तेवढ्यावर आमचे काका शेवटपर्यंत बसले. गोष्टीचा गाभा खरा: १८९८ मध्ये केनियातल्या त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांना ओढून न्यायला सुरुवात केली. त्या मजुरांत हिंदुस्थानातून नेलेले पुष्कळ होते. काम थांबलं. इंजिनियर पॅटरसनने डिसेंबरात दोन्ही सिंह मारले. मायकेल डग्लसचा शिकारी मात्र सिनेमावाल्यांनी घुसडलेला. पडद्यावरच्या सिंहांना झुपकेदार आयाळ आहे, खऱ्यांना नव्हती. पेंढा भरून ठेवलेले ते दोघे शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. रात्री छावणीतले लोक काटेरी कुंपणाआड जागत बसतात, तो भाग पडवीत बघायला उत्तम.

माडाखालचा:
@कोळसुंदा, लांडग्यांबद्दल मान्य. पण खरा लांडगा दाखवला असता तर तो दहाव्या मिनिटाला निघून गेला असता, मग दीड तास बघायचं काय?

कोळसुंदा:
नीसनकडे. तेवढ्याचे पैसे वसूल.

सुरंगी:
ठरलं. पहिल्या रात्री ओम पुरी, सगळ्या काकांसकट. दुसऱ्या रात्री 'द एज'. 'क्रॉल' धाकटी झोपल्यावर. भावाने 'द ग्रे' मुंबईच्या परतीच्या गाडीत मोबाइलवर बघावा. 'द एज'ला मराठी नाहीतर हिंदी सबटायटल कुणाकडे आहेत का? आत्याला इंग्रजी उच्चार झेपत नाहीत.